‘तुला काय कमी आहे?’

या वर्षीच्या ३ जानेवारीला सावित्रीमाई फुले यांच्या जयंतीचा कार्यक्रम आटोपून मी विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. मराठवाड्यातील एका तालुक्याचे गाव. भाषणे झाली होती, गुणवंतांचे सत्कार झाले होते, चहा चालू होता. तेवढ्यात महिला मंडळाच्या एक ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “सर, दोन मिनिटं बोलायचं होतं.”

त्यांचा मुलगा दहावीत. दोन वर्षांपूर्वी याच विहारात संविधानाच्या उद्देशिकेवर बोलून त्याने बक्षीस मिळवले होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो सर्वांच्या पुढे असायचा. दिवाळीच्या सुटीपासून मात्र पोरगा बदलला. कुणाशी बोलत नाही. बोलायला गेले तर अंगावर येतो. लहान बहिणीने पेन घेतला म्हणून त्याने तिचे दप्तर भिंतीवर फेकले आणि थोड्या वेळाने स्वतःच मोरीत जाऊन रडत बसला. क्रिकेट सोडले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, सकाळी उठवले की घर डोक्यावर घेतो. काय झाले विचारले की एकच उत्तर, “काही नाही.”

“शाळेत काही झालं का, कुणी मारलं का, सगळं विचारून झालं,” ताई सांगत होत्या. “काहीच नाही म्हणतो. मग त्याचे वडील चिडतात. म्हणतात, तुला काय कमी आहे? तुझ्या वयात आम्ही वीटभट्टीवर होतो.” मग इकडेतिकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. “सर, मी तसलं काही मानत नाही. पण शेजारची म्हणते, एकदा बाहेरचं बघून घ्या.”

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील ही आई. तिचा निर्धार कमी पडला असे कुणी समजू नये. लेकराच्या डोळ्यांत पाणी दिसते, त्याचे कारण दिसत नाही, नवरा रागावतो, शाळा गुणांपलीकडे बोलत नाही. अशा वेळी ती जाणार कुठे? आपण तिला दुसरे दार दाखवलेले नाही, म्हणून शेजारीण पहिले दार दाखवते.

पण त्या दिवशी माझ्या मनात घर करून राहिले ते त्या वडिलांचे वाक्य. तुला काय कमी आहे? हे वाक्य मी ओळखत होतो. दहा वर्षांपूर्वी माझ्याच घरात, माझ्याच तोंडून ते निघाले होते.

घरातली गोष्ट

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. दहावीला चांगले गुण, हवे ते कॉलेज, अभ्यासाला स्वतंत्र खोली. माझ्या सात पिढ्यांत कुणाला मिळाले नव्हते ते सारे. तरी ती संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसून राहायची. जेवायला हाक मारली की खेकसायची. आईने प्रेमाने डोक्यावर हात ठेवला तरी झटकून टाकायची. महिना-दीड महिना हे चालले. एका रात्री माझा संयम सुटला आणि मी तिला अर्धा तास ऐकवले. माझे बालपण, कंदिलाखालचा अभ्यास, वसतिगृहातील पातळ वरण, बाबासाहेबांचे अठरा-अठरा तासांचे वाचन. शेवटी विचारले, “तुला नेमकं काय कमी आहे?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पप्पा, तेच तर. काहीच कमी नाही, तरी असं होतं. म्हणून जास्त वाईट वाटतं.”

आयुष्यभर मी भाषणे दिली. पण त्या एका वाक्यापुढे मला बोलता आले नाही. पोरगी आधीच दुःखी होती. आता आपण दुःखी आहोत याचीच तिला लाज वाटत होती. ती लाज मी दिली होती.

संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. त्या वेदनेवर तो शोक करतो, तळमळतो, तेव्हा जणू दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराचा, दुसरा मनाचा. आपल्या घरातील मुलांच्या बाबतीत मला वाटते, पहिला बाण आहे ती कारण न कळणारी उदासी. दुसरा बाण आहे ‘मला दुःखी होण्याचा हक्कच नाही’ ही भावना. आणि हा दुसरा बाण पुष्कळदा आपणच, आईबापच, मुलांच्या हातात देत असतो.

आमच्या दुःखाला तारीख होती

माझ्या पिढीकडून ही चूक का होते, याचा विचार केला पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण कित्येक रात्री बायामुले जागी आणि पुरुष काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाशी, असे दिवस काढले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे आम्ही मोर्चे, लाठ्या आणि तुरुंग यांतच वाढलो. आमच्या दुःखाला तारीख होती, गाव होते, समोर उभा असलेला माणूस होता. राग आला तर तो कुठे न्यायचा हे ठाऊक होते. भूक लागली तर ती भूकच होती.

म्हणून आम्ही दुःख मोजायला एकच माप शिकलो, अभावाचे माप. भाकरी आहे का, छप्पर आहे का, फी भरली आहे का? असेल तर दुःख नाही. आज आमच्या मुलांपैकी निदान काहींच्या घरात भाकरी आहे, छप्पर आहे. त्यांची उदासी या मापात बसत नाही. मग आम्ही म्हणतो, ही नाटके आहेत, हे मोबाईलचे वेड आहे, हे लाडावलेपण आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. आमच्याही वेळी हे होते. वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगा होता. चांगला हुशार. तो आठवडा-आठवडा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आम्ही त्याला ‘सुस्त’ म्हणून चिडवायचो. एका सुटीत तो गावी गेला आणि परत आलाच नाही, शिक्षण सुटले. त्याला काय होत होते हे आज कळते आहे. तेव्हा आमच्याजवळ त्यासाठी शब्दच नव्हता. शब्द नव्हता म्हणून दुःख नव्हते असे नाही.

या वयात काय घडते?

तेरा ते एकोणीस हे वय म्हणजे शरीर आणि मेंदू नव्याने बांधला जाण्याचा काळ. संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन्स म्हणतो, ती वेगाने बदलतात. मेंदूतील भावनांचा भाग या वयात तापट असतो आणि त्याला लगाम घालणारा, विचार करून थांबवणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. म्हणून क्षुल्लक गोष्टीवरून डोके भडकते आणि पाच मिनिटांनी त्याच गोष्टीचे रडू येते. हे मुलाने ठरवून केलेले नसते.

झोपेचेही तसेच. या वयात झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागते. मुलाला खरोखरच अकरा-साडेअकरापर्यंत झोप येत नाही. त्याला आठ ते दहा तास झोप लागते आणि सकाळी सहाच्या शिकवणीला उठावे लागते. त्यात उशाला मोबाईल. महिनोन्महिने झोप अपुरी राहिली की कुणीही चिडचिडा होईल, वीस वर्षे नोकरी केलेला माणूसही होतो.

तिसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या आणि ३१.१ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसून आले. रक्त कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, ती आपली मुले बाकाखाली टाकतात आणि आपल्याला त्याची खबर नसते. थायरॉईडचा दोष असेल, ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तरीही मन खचते. मुलींना पाळीच्या आधीचे काही दिवस जड जातात. तेव्हा ‘बाहेरचं’ बघण्याआधी निदान हिमोग्लोबिन तरी बघा.

आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाला नैराश्याचा आजार झाला की तो बहुधा उदास, मलूल दिसतो. किशोरवयात तोच आजार पुष्कळदा चिडचिडेपणाच्या रूपाने दिसतो. रडण्याऐवजी ओरडणे, खिन्न बसण्याऐवजी दार आपटणे. विशेषतः मुलगे. ‘बायकांसारखा रडतोस काय’ असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाजवळ दुःख दाखवायला रागाशिवाय दुसरे साधन उरत नाही. आपण त्याला उद्धट म्हणून मारतो. तो आजारी असतो.

हे थोड्याथोडक्यांचे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचे प्रमाण ७.३ टक्के सांगितले. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत सातजण. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला असा काही त्रास असतो. तुमच्या वस्तीतील मुले मोजा आणि हिशेब करा.

कारण नसते की दिसत नसते?

‘उगाच उदास वाटते’ असे मुले म्हणतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखर कारण ठाऊक नसते. पण कारण दिसत नाही म्हणजे ते नसतेच, असेही नाही. कधी ते शरीरात असते, कधी घरात, कधी शाळेत. बाप रात्री पिऊन येतो, आजी गेली आणि कुणी त्याविषयी बोलले नाही, घर बदलले, जिवलग मित्र तुटला. मूल या गोष्टींची सवय करून घेते. मन मात्र सवय करून घेत नाही.

आणि आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी कुणी तरी पूर्ण नाव विचारतो. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. “तुम्हाला काय टेन्शन, तुम्हाला सवलत आहे,” असे हसत हसत म्हटले जाते. वर्गाच्या ग्रुपवर आरक्षणावरचा विनोद येतो आणि त्यावर आपल्याच मित्राचा हसरा चेहरा उमटतो. यात शिवी नसते, मारहाण नसते, तक्रार करण्याजोगे काही नसते. घरी सांगितले तर बाप चिडून शाळेत जाईल किंवा ‘दुर्लक्ष कर’ म्हणेल. म्हणून मूल गिळत राहते. गिळलेले कुठे तरी साठतेच. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आपल्यातून गेला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण विद्यापीठात पोचण्याआधी, आठवी-नववीच्या बाकावर, मुलाच्या मनावर काय काय साचत जाते याकडे आपले लक्ष तितकेसे गेले नाही.

तरी एक सावधगिरी हवी. प्रत्येक उदासीमागे जात शोधायला जाऊ नका. आपण कार्यकर्ते आहोत, आपल्याला कारण हाती लागले की हायसे वाटते. पण मुलाच्या दुःखाचा आपल्या भाषणासाठी उपयोग होऊ लागला की मूल दुसऱ्यांदा गप्प होते. त्याला बोलू द्या. काय निघते ते त्याच्याकडून निघू द्या.

बाबासाहेबांची काठी करू नका

आपल्या घरात मुलाला गप्प करण्याचा सर्वांत हुकमी मार्ग म्हणजे बाबासाहेबांचे उदाहरण. ‘त्यांनी किती सोसले, कधी रडले का?’

होय, बाबासाहेब व्याकूळ झाले होते, आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. १९१७ साली बडोद्याला पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात कुणी आसरा देईना. मुंबईची गाडी येईपर्यंतचे काही तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला सव्वीस वर्षांचा तो तरुण. त्या वेळी मन कसे सुन्न झाले होते आणि हरवलेल्या लेकरासारखी आईवडिलांची आठवण कशी आली, हे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आई तर त्यांच्या लहानपणीच गेली होती, वडील १९१३ साली. १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी आपले कोसळणे लपवलेले नाही.

ज्यांनी आपले दुःख जगापुढे मांडण्यात कमीपणा मानला नाही, त्यांचे नाव घेऊन आपण मुलाला दुःख लपवायला सांगतो. याहून मोठा विपर्यास कोणता? बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचेच असेल तर असे द्या: बाळा, ते सुद्धा बागेत बसून व्याकूळ झाले होते. तूही माझ्याजवळ बस.

मुलामुलींशी दोन शब्द

हा अंक घरात येतो आणि तुम्ही तो वाचता, असे मी धरून चालतो. तुम्हाला कारण नसताना रडू येत असेल, सगळ्यांचा राग येत असेल, स्वतःचाही येत असेल, तर आधी एवढे ध्यानात घ्या की तुम्ही वाईट नाही, कृतघ्न नाही, वेडे तर मुळीच नाही.

त्या भावनेला नाव द्या. ‘मूड नाही’ एवढ्यावर थांबू नका. भीती आहे का, एकटेपणा आहे का, अपमान वाटला का, नुसता थकवा आहे का? एका वहीत रोज चार ओळी लिहा: किती वाजता झोपलो, काय खाल्ले, केव्हा चिडलो, त्याच्या आधी काय घडले होते. मुलींनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. तीन आठवड्यांनी वही चाळा. जे अकारण वाटत होते त्यात काही तरी ओळखीचे दिसू लागेल.

राग चढला की तिथून उठा. “मी आत्ता बोलू शकत नाही, दहा मिनिटांनी येतो,” एवढे म्हणून बाहेर जा, चार फेऱ्या मारा, तोंडावर पाणी घ्या. आणि मुख्य म्हणजे परत या. कुणाला लागेल असे बोलून गेला असाल तर माफी मागा. माफी मागितल्याने कुणी लहान होत नाही.

झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर आईच्या उशाशी ठेवा. रोज अर्धा तास घाम येईल असे काही करा. धावणे, कबड्डी, लेझीम, सायकल, काहीही. हे उपदेश म्हणून सांगत नाही. अंग हलले की मन हलके होते, हे डॉक्टरांनीही मान्य केलेले आहे. तंबाखू, गुटखा, बिअर यांनी तासभर बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खचायला होते. वस्तीत ते देणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्यापासून दूर राहा.

आणि एक माणूस निवडा. आई, मामा, आत्या, एखादी शिक्षिका, विहारातील एखादी ताई. त्यांना एवढेच सांगा, “मला बरं वाटत नाही, का ते माहीत नाही. फक्त ऐका.” पहिल्या माणसाने हसण्यावारी नेले तर दुसऱ्याकडे जा. हार मानू नका.

दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज असेच वाटते आहे, अभ्यास, खेळ, जेवण कशातच मन नाही, तर ही आता नुसती वयाची गोष्ट राहिली नाही. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. आणि जगूच नये असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. दिवसरात्र केव्हाही लावता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. तो विचार कायमचा नसतो. तो ओसरतो. तो ओसरेपर्यंत एकटे राहायचे नाही, एवढेच.

आईबापांसाठी

‘तुला काय कमी आहे’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याऐवजी, “तू हल्ली दमलेला दिसतोस, मी आहे,” एवढे पुरे. मूल लगेच बोलणार नाही. बोलावे म्हणून मागे लागू नका. तोंडासमोर बसून चौकशी केली की मुले आखडतात. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना, शेतात, दुकानात, काम करता करता ती बोलतात. बोलू लागले की मध्ये तोडू नका, तुमचे बालपण सांगू नका, शेजारच्या मुलाचे टक्के काढू नका. सांगितलेले नातेवाइकांत वाटू नका.

उद्धटपणाला आळा घालूच नये असे मी म्हणत नाही. बहिणीला मारले तर ते चालणार नाही हे ठामपणे सांगायचे. पण राग येणे आणि हात उचलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी शिक्षा नाही, दुसरीला मर्यादा आहे.

मुलाने ‘मरून जावंसं वाटतं’ म्हटले तर त्याला धमकी समजू नका. शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मुलाचा भार हलका होतो. त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे आणि शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पोलीस केस होईल या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असेच गृहीत धरले आहे. त्या व्यक्तीवर उपचार आणि पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

कुठे जायचे? महाराष्ट्रात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ नावाने सल्ला केंद्रे चालवली जातात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. तिथे केसपेपर काढायचा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचे. बहुतेक मुलांना बोलण्याच्या उपचारानेच फरक पडतो. काहींना गोळ्या लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने त्या एकदम बंद करायच्या नसतात.

देवऋषी, भगत, दर्ग्याचा दोरा, बाबाचा अंगारा यांच्याकडे जाऊ नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, चटके देणे हा गुन्हा ठरवला आहे. या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना त्याच वर्षी २० ऑगस्टला प्राण द्यावे लागले. तो कायदा आपल्या लेकरांसाठीही आहे.

चळवळीने काय करावे?

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंती समिती आहे. ध्वनिक्षेपकाच्या एका दिवसाच्या भाड्यात जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाला विहारात बोलावता येईल. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एक रविवार फक्त मुलांनी बोलण्याचा ठेवता येईल. त्या दिवशी मोठ्यांनी खाली बसून ऐकायचे. अभ्यासिका आपण उभ्या केल्या, तिथे रात्रीपर्यंत बसणाऱ्या मुलांना ‘किती मार्क’ याखेरीज दुसरा प्रश्न विचारणारा एक माणूस ठेवता येईल.

आणि हक्काची गोष्ट हक्काने मागितली पाहिजे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे, सर्वांसमोर त्यांना लाजवणे यालाही न्यायालयाने मनाई केली. आपल्या मुलांची शाळा, त्यांचे वसतिगृह, त्यांची शिकवणी यांत तो माणूस आहे का? मोर्चे आपल्याला नवे नाहीत. या प्रश्नावर मुख्याध्यापकांना आणि समाजकल्याण अधिकाऱ्यांना एक निवेदन द्यायला कितीसा वेळ लागतो?

आपल्या चळवळीने पहिले काम कोणते केले असेल तर ते मुक्याला बोलते करण्याचे. ‘मूकनायक’ हे नाव त्यासाठीच होते. गावकुसाबाहेरचा माणूस बोलू लागला. आता घराच्या आतल्या खोलीत, अंधारात बसलेले मूल मुके आहे. त्याला बोलते करणे हेही त्याच कामात येते.

त्या ताईंचा परवा फोन आला. त्या दिवसानंतर त्या मुलाला घेऊन आधी ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्ह्याला गेल्या होत्या. रक्त कमी निघाले, त्याची औषधे सुरू झाली. समुपदेशकांशी तो चार वेळा बोलला. वर्गाच्या ग्रुपवर झालेली एक टिंगल त्याने चार महिने कुणाला सांगितली नव्हती, ती त्याने तिथे सांगितली. पण तेवढेच कारण होते का? ताई म्हणाल्या, “तसं नाही म्हणतो तो. अजून कधी कधी उगाच रडू येतं म्हणतो. पण आता सांगतो तरी.” दहावीची परीक्षा त्याने दिली. बरी गेली.

मग फोन त्याच्या वडिलांनी घेतला. वीटभट्टीवर वाढलेला तो माणूस जरा अवघडूनच बोलला. “सर, आता मी काही विचारत नाही त्याला. रात्री जेवण झालं की ओट्यावर त्याच्याजवळ नुसता बसतो. परवा त्यानंच विचारलं, पप्पा, तुम्ही लहान असताना तुम्हाला असं व्हायचं का?”

“मग काय सांगितलंत?” मी विचारले.

“सांगितलं, व्हायचं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.”